चौकटीखालचं बेट

१९८५ च्या मार्चमध्ये शिकागोतल्या एका नकाशा-प्रकाशन संस्थेच्या वनस्पती-नकाशा संपादकांनी जगाच्या नकाशाच्या अखेरच्या प्रूफवर सही करायला नकार दिला. नकाशा एका शालेय ॲटलासमधला होता, दोन समोरासमोरच्या पानांवर पसरलेला. सहीच्या जागी त्यांनी पेन्सिलीनं इंग्रजीत एक ओळ लिहिली : ‘चौकटीखाली बेट आहे.’

मी त्याच मजल्यावर इंडेक्स विभागात काम करत होते. त्याआधी पाच वर्षं पुण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होते. लग्नानंतर शिकागोला आले आणि बातम्यांऐवजी गावांची नावं तपासू लागले. मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, हे संपादक आणि मी. ते पंचावन्नच्या पुढचे, मूळचे साताऱ्याचे. अमेरिकेत वनस्पतिशास्त्र शिकायला आले आणि नकाशात राहिले. मी त्यांना काका म्हणत असे. ते मला बाई म्हणत, आणि वयानं एवढे मोठे असून अहो-जाहो करत.

त्या नकाशावर जगातली जंगलं, गवताळ प्रदेश, वाळवंटं वेगवेगळ्या रंगांत दाखवलेली असत. टुंड्राचा रंग राखाडीकडे झुकणारा जांभळा. जिथे उन्हाळा झाड वाढण्याइतका उबदार होत नाही, तिथे झाडं थांबतात आणि पुढे शेवाळ, दगडफूल, गवत, गुडघ्याएवढी झुडपं एवढंच उरतं, तो टुंड्रा. अलास्काचा उत्तर भाग, कॅनडाचा माथा, ग्रीनलंडची कड, नॉर्वेचं वरचं टोक, सैबेरियाचा सगळा उत्तर किनारा. शिवाय उंच डोंगरांचे माथे : रॉकी, आल्प्स, हिमालय, अँडीज. दक्षिणेत त्या अक्षांशांवर जमीनच कमी, म्हणून तिथला टुंड्रा ठिपक्याठिपक्यांनी. झाडं संपतात तिथून जाणारी रेघ अकरा वर्षं काकांच्या ताब्यात होती.

बाकीचे संपादक अशा रेघा जुन्या नकाशांवरून, शास्त्रीय अहवालांवरून घेत. काका अहवाल वाचत, पण त्यावर थांबत नसत. ‘नकाशा म्हणजे साक्ष, बाई. ऐकीव साक्ष चालत नाही.’ त्यांनी स्वतः एक पोस्टकार्ड छापून घेतलं होतं. कार्डावर डावीकडे एका माणसाची बाह्याकृती. तिच्या घोट्यावर, गुडघ्यावर, कमरेवर, डोक्यावर आडव्या रेघा. उजवीकडे एक झाड. खाली दोन प्रश्न, इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये : तुमच्या दारातून दिसणारं शेवटचं झाड कोणत्या दिशेला आहे? ते या माणसाच्या कुठपर्यंत येतं? ज्याला दोन्ही भाषा येत नाहीत, त्यानं चित्रावर खूण केली तरी चालत असे.

ही कार्डं ते पोस्टमास्तरांना, शाळामास्तरांना, पाद्रींना आणि हवामान केंद्रांना पाठवत. नाव माहीत नसे. पत्त्यात फक्त हुद्दा आणि गाव. उत्तरं कॉफीच्या रिकाम्या डब्यांत, डब्यावर प्रदेशाची चिठ्ठी. कॅनडातल्या लॅब्राडोरच्या एका पाद्रीनं कमरेवर खूण करून लिहिलं होतं, ‘पण ते वाकलेलं आहे, सरळ केलं तर छातीपर्यंत.’ काकांनी त्याला दुसरं कार्ड पाठवून विचारलं, कुठल्या दिशेला वाकलंय. लाहौलमधल्या एका पोस्टमास्तरांनी हिंदीत कळवलं की दारातून झाड दिसतं, पण ते त्यांच्या वडिलांनी लावलेलं आहे. काकांनी ते कार्ड ‘बाद, लागवड’ असा शेरा मारून डब्यात ठेवलं.

सैबेरियाचा डबा रिकामा होता. तिकडे धाडलेल्या कार्डांपैकी एकही परत आलं नाही. म्हणून त्यांच्या नकाशावर झाडांची रेघ अलास्कापासून कॅनडा ओलांडून नॉर्वेपर्यंत सलग आणि पुढे तुटक होती. आमचे कला-संचालक उंच, शांत, नेहमी पट्ट्यांची पँट घालणारे गृहस्थ होते. त्यांना ही तुटक रेघ खटकत असे. एकदा माझ्यासमोर त्यांनी विचारलं, ‘रशिया काय तुटक आहे का?’

‘रशिया सलग आहे,’ काका म्हणाले. ‘माझी माहिती तुटक आहे.’

रेघ तुटक छापली गेली.

बोलण्यातही त्यांची पद्धत हीच. त्यांच्यासमोर ‘थंडी’ हा शब्द महिन्याशिवाय वापरायची सोय नव्हती. गणपतीला मराठी मंडळ एका शाळेचं जिम भाड्यानं घेत असे. तिथे नागपूरचा एक इंजिनिअर प्रसादाच्या रांगेत म्हणाला, ‘शिकागो म्हणजे टुंड्राच आहे यार, जानेवारीत गाडीच स्टार्ट होत नाही.’

काका दोन माणसं सोडून मागे होते. ते रांग सोडून पुढे आले.

‘कुठल्या महिन्यात?’

‘जानेवारीत म्हटलं ना काका.’

‘झाडाला जानेवारीचं काही नसतं. ते झोपलेलं असतं. झाड जुलैत मरतं. जुलै गार गेला, की लाकूड धरायला वेळ मिळत नाही. तुमच्या दारात झाड आहे?’

‘आहे ना. मेपल.’

‘केवढं?’

‘दुमजली घरापेक्षा उंच आहे.’

‘मग तुम्ही टुंड्रात राहत नाही. गाडीची बॅटरी बदला.’

त्या दिवसापासून मंडळात त्यांचं नाव जुलैकाका पडलं. त्यांना ते कळलं होतं. त्यांची हरकत एवढीच होती की दक्षिण गोलार्धात ते जानेवारीकाका व्हायला हवं.

डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या वाणसामानाच्या दुकानात शनिवारी ते भेटत. कोथिंबिरीची जुडी उचलून दुकानदाराला विचारत, कुठली?

‘मेक्सिको, अंकल.’

‘मेक्सिको मोठा आहे.’

दुकानदार खोका शोधायला आत जाई. खोक्यावर प्रांताचं नाव सापडेपर्यंत काका जुडी पिशवीत टाकत नसत. मागे उभे असलेले लोक दुसऱ्या काउंटरवर सरकत. काकांना गाडी चालवता येत नव्हती. त्यांची मुलगी चालवत असे. शिकागोत जन्मलेली, तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, कॉम्प्युटर सायन्सची. वडिलांच्या मराठीला ती इंग्रजीत उत्तर देई. गाडी दुकानासमोर दुहेरी रांगेत उभी करून ती काच खाली घ्यायची आणि म्हणायची, ‘बाबा, इट्स कोरिअँडर.’

टुंड्रा त्यांनी प्रत्यक्ष एकदाच पाहिला होता, हे मला तिनंच सांगितलं. १९८३ च्या जुलैत तिनं त्यांना कोलोरॅडोला नेलं. तिथे मोटाररस्ता झाडांच्या वर, बारा हजार फुटांपर्यंत जातो. शेवटचं झाड मागे पडल्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. उतरून रस्त्याकडेला गुडघ्यावर बसले आणि पट्टीनं एका फुलाची उंची मोजली. मग दोन पावलं आत गेले. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचा राखणदार लांबून ओरडला की पायवाटेवर या; इथे पडलेलं पाऊल बुजायला माणसाचं आयुष्य जातं. काका उभे राहिले तिथेच थांबले. मग उलटे, आपल्याच दोन पावलांत पाय ठेवत, परत आले. ‘ही वेंट बॅकवर्ड्स,’ मुलगी म्हणाली. ‘टूरिस्ट्स टूक पिक्चर्स ऑफ हिम.’

कोलोरॅडोच्या डब्यात त्या तारखेचं एक कार्ड होतं. खूण घोट्याच्याही खाली. सही काकांची, पत्ताही काकांचाच. त्यांनी ते स्वतःला टपालानं पाठवलं होतं.

आता त्या बेटाबद्दल. नकाशावर कुठला रंग कशाचा हे सांगणारी खुणांची चौकट असते. आमच्या जगाच्या नकाशात ती दक्षिण हिंदी महासागरात होती, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्या मधल्या पोकळीत खाली. तिथे समुद्रच आहे, असं सगळे धरून चालले होते. चौकटीची ती जागा मागच्या आवृत्तीपासून चालत आली होती.

१९८५ च्या फेब्रुवारीत काकांना एक कार्ड आलं. केर्गेलेन नावाच्या बेटावर फ्रेंचांचं एक संशोधन केंद्र आहे. हे बेट आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका या तिन्हींपासून दूर, दक्षिण हिंदी महासागरात आहे. तिथल्या हवामान केंद्राला त्यांनी कार्ड पाठवून सव्वा वर्ष झालं होतं. जहाज वर्षातून मोजक्याच वेळा जातं. कुणा अनोळखी माणसानं कार्डावरचं छापील झाड शाईनं खोडलं होतं आणि त्या जागी कोबीसारखं एक झुडूप काढलं होतं. तसा कोबी त्या बेटांवर उगवतो. चित्रातल्या माणसाच्या गुडघ्यावर फुली. दिशेच्या प्रश्नासमोर फ्रेंचमध्ये एकच शब्द : ‘कुठेच नाही.’

काका ते कार्ड घेऊन लाइट टेबलाकडे गेले. त्या काळात रंगागणिक एक पारदर्शक फिल्म असे. सगळ्या फिल्म्स एकावर एक ठेवून खालून दिवा लावला की पूर्ण नकाशा दिसे. त्यांनी टुंड्राच्या फिल्मवर बेटाची जागा मोजून काढली. मग वर चौकटीची फिल्म ठेवली. बेट चौकटीच्या आत आलं, सर्वांत खालच्या ओळीत. त्या ओळीत टुंड्राच्या रंगाचा नमुना-ठोकळा होता.

पुढचं मी ऐकलं, कारण इंडेक्सच्या टेबलापासून लाइट टेबल दहा पावलांवर होतं. बोलणं इंग्रजीत झालं.

‘तो एक ठिपका आहे,’ कला-संचालक म्हणाले. ‘तिथे कुणी राहत नाही.’

‘राहतात. एकानं मला कोबी काढून पाठवलाय.’

‘आणि चौकट कुठे नेऊ?’

‘आग्नेय पॅसिफिकमध्ये. दोन स्तंभ केले तर बसते. तिथे काही नाही, मी तपासलंय.’

‘तिथे आपलं बोधचिन्ह आहे. सगळ्या फिल्म्स पुन्हा कराव्या लागतील. छापखान्याची तारीख शुक्रवार आहे.’

संचालक खोलीत गेले आणि एक जुना कागद घेऊन आले. मागच्या आवृत्तीच्या मांडणीचा मंजुरी-कागद. ‘ही चौकट इथे ठेवा असं कुणी सुचवलं होतं? आद्याक्षरं कुणाची आहेत?’

‘माझी.’

‘मग?’

‘म्हणूनच सही करत नाही.’

शुक्रवारपर्यंत तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत त्यांनी जेवणाच्या सुट्टीत चौकटीची एक प्रत धारदार पात्यानं कापून दोन स्तंभांत जोडली, आग्नेय पॅसिफिकमध्ये ठेवून फोटोप्रत काढली आणि रोज एक प्रत संचालकांच्या टेबलावर ठेवली. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी. डबा ते उभ्यानं खात. मी विचारलं, ‘काका, त्यांनी काढून टाकलं तर?’

‘काढतील की. पण मग सही दुसऱ्याची असेल.’

‘अकरा वर्षांचा नकाशा आहे तुमचा.’

‘अकरा वर्षं मी त्या बेटावर फलक लावून बसलोय, बाई. साक्षीदार हजर आहे, आणि आपण त्याच्या तोंडावर लिहिलंय, टुंड्रा असा दिसतो.’

शुक्रवारी दुपारी सही दुसऱ्या एका संपादकांनी केली. काकांनी एकच मागणी केली : समासातल्या बारीक अक्षरांतलं आपलं नाव काढावं. ती मान्य झाली. नावाच्या फिल्मवरून ती ओळ त्यांनी स्वतः खरवडली. काम नीट झालं होतं. प्रूफवर डाग नव्हता.

त्यांना कामावरून काढलं नाही. एप्रिलमध्ये त्यांची बदली इंडेक्स विभागात झाली. संचालकांचं म्हणणं, तिथे रेघा नसतात. त्यांना माझ्यासमोरचं टेबल मिळालं. कॉफीचे डबे त्यांनी खिडकीत मांडले.

इंडेक्सचं काम असं : ॲटलासमधल्या प्रत्येक नावाचं एक कार्ड. त्यावर नाव, पान आणि नकाशाच्या जाळीतला चौकोन. शेवटी सगळी कार्डं हातात घेऊन प्रत्येक चौकोनावर बोट ठेवून पाहायचं. संस्थेचा नियम होता की जे नाव नकाशावर वाचता येत नाही, ते इंडेक्समध्ये जात नाही. शेवटची तपासणी आणि सही माझी.

‘क’च्या गठ्ठ्यात मला एक कार्ड मिळालं. केर्गेलेन, जगाच्या नकाशाचं पान, चौकोन. अक्षर काकांचं. मी पान उघडलं. त्या चौकोनावर खुणांची चौकट होती.

‘काका, हे कार्ड काढावं लागेल.’

‘अक्षांश चुकलाय?’

‘नाही.’

‘रेखांश?’

‘नाही.’

‘मग चूक कार्डात नाही.’

‘पण नकाशावर नाव दिसत नाही. नियम आहे.’

‘तुम्ही पेपरात होता. बातमी खरी आहे, पण त्या जागेवर जाहिरात आली. मग पेपरवाले काय करायचे?’

‘बातमी काढून टाकायचे. रोज काढायचे.’

‘पटायचं?’

मी कार्ड गठ्ठ्यातून काढून बाजूला ठेवलं. ते पुढची कार्डं लावू लागले. कार्ड काढा किंवा ठेवा, असं ते म्हणाले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. दुपारपर्यंत ते कार्ड माझ्या टेबलावर वेगळं पडलं होतं. चारच्या सुमाराला मी ते गठ्ठ्यात परत ठेवलं आणि गठ्ठ्यावर सही केली.

ॲटलास सप्टेंबरात शाळांत गेला. पहिलं पत्र ओहायोच्या एका शिक्षिकेचं आलं. वर्गाला त्या इंडेक्समधून बेटं शोधायला देत. केर्गेलेनच्या चौकोनात मुलांना रंगांचे ठोकळे सापडले. छपाईची चूक आहे का? मग आणखी पत्रं आली. वर्षभरात बुटाचा एक खोका भरला. पत्रांना उत्तर देणं इंडेक्स विभागाचं काम होतं. उत्तरं काका लिहीत : इंडेक्स बरोबर आहे, बेट चौकटीखाली आहे, कृपया संपादक मंडळाला कळवावं.

संचालकांनी मला खोलीत बोलावलं.

‘ही नोंद कुणी ठेवली?’

‘नोंद बरोबर आहे. मी तपासली आहे.’

‘मी बरोबर आहे का विचारलं नाही. कुणी ठेवली विचारलं.’

‘सही माझी आहे.’

मला लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या फाइलमध्ये लागली. काकांना हे मी सांगितलं नाही. त्यांना कुठून तरी कळलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर त्यांचा डबा उघडून ठेवलेला होता, आत खोबऱ्याच्या वड्या. ‘नारळ कुठला ते खोक्यावर नव्हतं,’ ते म्हणाले. ‘तरी खा.’

काका १९८७ च्या जूनमध्ये निवृत्त झाले. मुलीला पश्चिम किनाऱ्याकडच्या रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली होती. ते तिच्याकडे राहायला गेले. डबे बरोबर नेले. पत्रांचा खोका माझ्याकडे सोडला आणि सांगितलं, ‘उत्तरं थांबवू नका. तोच मजकूर पाठवा.’ मी तोच मजकूर पाठवत राहिले.

१९८८ च्या वसंतात मिनेसोटातल्या एका सहावीच्या वर्गानं सामुदायिक पत्र पाठवलं. त्यात एक प्रश्न होता : चौकटीत लिहिलंय टुंड्रा, आणि इंडेक्स म्हणतं बेट इथे आहे, तर चौकट म्हणजेच ते बेट आहे का? हे पत्र मी उत्तर न देता संचालकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते आपल्या फळ्यावर टाचलं. ते तिथे महिनाभर होतं. नव्या आवृत्तीचं काम सुरू झालं तेव्हा त्यांनी १९८५ ची एक फोटोप्रत खणातून काढून मांडणी करणाऱ्यांकडे पाठवली. तिन्ही प्रती त्यांच्याकडे होत्या.

ऑक्टोबरात प्रूफ निघालं. चौकट आग्नेय पॅसिफिकमध्ये, दोन स्तंभांत, बोधचिन्ह समासात. संचालकांनी प्रूफ गुंडाळून नळकांड्यात घातलं आणि मला रेडमंडचा पत्ता विचारला. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी लिहिलं की सही करावी आणि नाव पुन्हा घालायचं का ते कळवावं.

प्रूफ आठवड्यात परत आलं, सहीशिवाय. काकांनी केर्गेलेनभोवती लाल वर्तुळ काढलं होतं : ‘सगळं बेट रंगवू नये. पश्चिमेला कायमचं बर्फ आहे. तेवढं पांढरं सोडा.’

‘हे भिंगातून दिसेल,’ संचालक म्हणाले.

‘त्यांच्याकडे भिंग आहे,’ मी म्हणाले.

एका कारागिरानं फिल्मवर टाचणीच्या टोकाएवढा भाग सोडला. दुसरं प्रूफ गेलं आणि चार दिवसांनी परत आलं. सहीच्या जागी सही होती. नाव घालायचं का, या प्रश्नाखाली काही लिहिलेलं नव्हतं. नळकांड्यात एक कार्ड होतं, तेच छापील, रेडमंडचं. माणसाच्या आकृतीवर खूण नव्हती. शेवटचं झाड कोणत्या दिशेला, या प्रश्नासमोर काकांनी लिहिलं होतं : ‘दिसत नाही. झाडं मध्ये येतात.’

नकाशा १९८८ च्या नोव्हेंबरात छापला गेला. समासात त्यांचं नाव नाही. सैबेरियातली रेघ तुटक आहे. इंडेक्समधली केर्गेलेनची नोंद बदललेली नाही. पान तेच, चौकोन तोच. चौकोनात बेट आहे.